पिनहोल कॅमेरा : भोक मोजल्याशिवाय भागत नाही

शाळेत सूचिछिद्र प्रतिमाग्राहक शिकताना 'भोक जितकं बारीक, तितकं चित्र स्पष्ट' एवढंच डोक्यात बसतं, आणि ते अर्धंच खरं आहे. मोठ्या भोकातून पुसट चित्र येतं हे बरोबर. पण एका मर्यादेखाली भोक लहान केलं, की आत शिरणारा प्रकाशच पसरू लागतो. भोकापासून कागद 100 मिमीवर आणि भोक 0.2 मिमीचं असेल, तर एका बिंदूचा ठिपका सुमारे 0.67 मिमी रुंद पडतो, भोकाच्या तिपटीहून मोठा! लॉर्ड रॅली यांनी 1891 मध्ये या प्रश्नावर लिहिलं. आज वापरात असलेलं सूत्र सोपं आहे : अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी (0.00055 मिमी) यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून त्याला 1.9 ने गुणायचं. 100 मिमीला उत्तर येतं 0.45 मिमी.

मग त्या जाडीची सुई घेतली की झालं, असं वाटेल. पण सुई निमुळती असते. ती पत्र्यात किती घुसली त्यावर भोक ठरतं. वाकळीची सुई आरपार गेली आणि 0.9 मिमीचं भोक पडलं, तर प्रकाश दुप्पट नव्हे, चौपट येतो. म्हणून कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याला भोक पाडावं, मागे उठलेली कड पॉलिश पेपरने घासावी आणि तुकडा स्कॅन करावा. 2400 डीपीआयला 0.45 मिमीचं भोक साधारण 42 ठिपके रुंद दिसतं. आडवे 42 आणि उभे 50 आले, तर भोक लांबट आहे, दुसरं पाडा. नांदेड-लातुरात कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे 600 डीपीआयच मिळालं, तर दहा-अकरा ठिपके येतील. एका ठिपक्याची चूक म्हणजे प्रकाशात वीसेक टक्क्यांचा फरक. तेवढा चालतो.

पिनहोलचं चित्र मऊच असतं, मग एवढी मोजदाद कशाला, असा आक्षेप येतो. स्पष्टतेपुरता तो मान्य. पण एक्स्पोजर कशावरून ठरवणार? 100 भागिले 0.45 म्हणजे एफ 222. लातूरच्या गंजगोलाईत भर उन्हात 100 आयएसओच्या फिल्मला सुमारे 2 सेकंद लागतील आणि 6 आयएसओच्या फोटो पेपरला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. तेवढ्यात रस्त्यावरची चालती माणसं चित्रातून जवळपास गायब होतील. याच हिशेबाने 0.9 मिमीच्या भोकाला आठच सेकंद पुरतात. अर्धा मिनिट ठेवलं तर निगेटिव्ह काळीठिक्कर. तेव्हा व्यास आणि एफ-क्रमांक डब्यावर मार्करने लिहा, मगच पेपर भरा.