सूनबाईंचे धिरडे आणि मुलाचा रक्तदाब

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त जपानमध्ये ओसाका शहरी असतो, सूनबाई अल्बेनियाच्या. गेल्या तपासणीत मुलाचा रक्तदाब १५०/९६ भरला व डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले. घरी मात्र आठवड्यातून तीनदा सूनबाईंचे दोन्ही देशांच्या चवीचे खारे धिरडे असते. 'ते बंद करायला सांगू का?' असे भगिनी विचारतात. पत्रासोबत त्यांनी कृतीही धाडली आहे, हे फार बरे झाले. माझे उत्तर असे की धिरडे बंद करू नये, त्यात मीठ कोठून येते ते पाहावे.

ओसाकाचे ओकोनोमियाकी म्हणजे भरपूर चिरलेला कोबी, थोडे पीठ व अंडे यांचे जाड धिरडे. हिरोशिमाकडे तेच थरावर थर रचून करतात. उत्तर अल्बेनियात व कोसोवोत 'फ्ली' नावाचा पदार्थ आहे. त्यात पातळ पीठ थरांनी ओतायचे, मध्ये साय लावायची आणि निखाऱ्यांवर तापवलेले झाकण ठेवून एकेक थर भाजायचा. तासन् तास चालणारे काम! सूनबाईंनी ओसाकाचा कोबी व समुद्रशेवाळाचे पाणी घेतले, माहेरचे दही, लीक (कांद्याच्या कुळातली जाड दांड्याची भाजी) व खारवलेले पांढरे चीज घेतले. कोबी, दही, अंडे यांत वावगे काही नाही.

आता हिशेब करू. दोन धिरड्यांसाठी चीज ६० ग्रॅम, त्यात मीठ सुमारे दीड ग्रॅम. पिठात चहाचे दोन चमचे सोया सॉस, त्याचे पावणेदोन ग्रॅम. वरून ओतलेला गोडसर सॉस, त्याचेही तितकेच. म्हणजे एका धिरड्यात अडीच ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. दोन धिरडी खाल्ली की दिवसभराचा वाटा संपला, आणि वरून चिमूटभरही मीठ घातलेले नाही. म्हणूनच ते लक्षात येत नाही.

जपानला याचा अनुभव आहे. १९५१ ते १९८० पर्यंत तेथे मृत्यूचे पहिले कारण मेंदूचा पक्षाघात होते. उत्तरेकडील अकिता भागात १९५०च्या दशकात माणशी मीठ दिवसाला २० ग्रॅमच्या वर जाई. पुढे लोकशिक्षण, रक्तदाब तपासणी व औषधोपचार झाले आणि हे मृत्यू पुष्कळ घटले. अल्बेनियाची गोष्ट निराळी. देश गरीब असूनही माणसे दीर्घायुषी कशी, याचा शोध १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. संशोधकांनी फळे, भाज्या, ऑलिव्ह तेल व कमी मांस यांकडे बोट दाखवले. खारे चीज त्या यादीत नव्हते, हे सूनबाईंना हळूच सांगावे.

मीठ कमी केले की चव जाते, ही तक्रार येथे टिकत नाही. कोंबू या समुद्रशेवाळात ग्लुटामेट असते. १९०८ साली इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने तेच वेगळे काढून त्या चवीला 'उमामी' नाव दिले. त्याला दह्याचा आंबटपणा मिळाला की जीभ मीठ मागत नाही.

तेव्हा असे करावे. बोटभर कोंबू अर्धा लिटर गार पाण्यात रात्रभर भिजवावा. तयार पूड वापरू नये, तिच्यात मीठ फार. १०० ग्रॅम पीठ, अर्धी वाटी हे पाणी, दोन मोठे चमचे आंबट दही व एक अंडे फेटावे. त्यात पाव किलो बारीक चिरलेला कोबी व लीक घालावे. चीज ३० ग्रॅमच, तेही तासभर साध्या पाण्यात ठेवून, निथळून. तव्यावर थोडे तेल, मंद आच, झाकण. एकेक बाजू पाच मिनिटे. चीज घातले तर सोया सॉस नाही, सॉस घातला तर चीज नाही. दोन्ही एकदम नकोत. फिकट रंगाचा सोया सॉस सौम्य वाटतो, पण गडदपेक्षा त्यातच मीठ जास्त असते.

एक सावधगिरी. कोंबूत आयोडीन अतिशय असते. थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनी व गर्भवतींनी त्याऐवजी वाळलेल्या शिताके अळंबीचे पाणी घ्यावे. मुलाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली असल्यास धिरडे बदलले म्हणून ती थांबवू नये; महिन्याने पुन्हा रक्तदाब मोजून डॉक्टरच ठरवतील. कोंबूचे उरलेले पाणी फ्रिजमध्ये दोन दिवस राहते, त्यापुढे टाकून द्यावे.