होडीला पट्टी लावली, पण डिझेल खरंच वाचतं का?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा, त्यात आपले दालदी बांधवही आले, मोठा खर्च डिझेलचा. त्यामुळे होडीच्या मागे तळाच्या काठाला फ्लॅप किंवा इंटरसेप्टर लावा म्हटलं की मोह होतोच.

इंटरसेप्टर म्हणजे तळापासून जराशी खाली निघालेली उभी पट्टी. तिच्यापुढे पाण्याचा दाब वाढतो, मागची बाजू उचलली जाते. वेगात नाळ वर जाऊन होडी मागे बसते, ते कमी होतं. पण सावकाश चालणाऱ्या होडीला तीच पट्टी अडथळा ठरू शकते. पाण्यातली लांबी 25 फूट असेल, तर साधारण 6.7 नॉटच्या आसपास लाटांचा विरोध झपाट्याने वाढतो. जाळं ओढताना एवढा वेग कुठला?

विल्यम फ्राउड यांनी 1870च्या दशकात इंग्लंडमध्ये छोटे नमुने टाकीत ओढून विरोध मोजला. आपल्याकडे टाकी नसली तरी मोबाईलमध्ये जीपीएस आहे. आधी तळ घासून घ्या, नाहीतर शेवाळ-शिंपल्यांमुळे सगळा हिशोब चुकेल. वजन तेवढंच ठेवा. ठरावीक अंतर जाऊन-येऊन सरासरी वेग काढा, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीचा फरक कटतो. डिझेल मापाच्या कॅनमधून द्या. दोन-तीन आरपीएमवर हे करा, मग पट्टी लावून पुन्हा तसंच. तुलना करायची ती सारख्या वेगाला लागलेल्या डिझेलची.