चमत्कार आणि त्याची फोड

चित्रपट ही करमणूक. तिचा शाळेशी काय संबंध, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आज मुलांच्या हाती येणाऱ्या मोबाईलमध्ये कॅमेरा असतो आणि कधीही न घडलेल्या प्रसंगाचे चित्र क्षणार्धात तयार करून देणारी साधनेही त्यांच्या आवाक्यात आली आहेत. अशा काळात डोळ्यांना दिसते ते पारखावे कसे, हे शिकवण्याची जबाबदारी शाळेला टाळता येणार नाही. ट्रिकदृश्यांचा एक छोटा चित्रपट मुलांनी स्वतःच्या हातांनी, आपल्याच वस्तीत तयार करणे, हा त्या शिक्षणाचा एक उत्तम मार्ग होय.

या मार्गाचे आद्य प्रवासी दादासाहेब फाळके. 1912 साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा स्थिर ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. यामागील गणित आपल्या विद्यार्थ्यांनाही सोपे जाईल. सेकंदाला 24 चित्रे धरली, तर मिनिटाला 1440 लागतात. दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाची 48 चित्रे आणि 30 दिवसांची बरोबर 1440 होतात. महिन्याची वाढ मिनिटात दिसते, ती अशी. कॅमेरा केसभर हलला, वा प्रकाश बदलत राहिला, तर सारे श्रम वाया जातात. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे करीत. भारतीय चित्रपटाचा पाया असा एका कुटुंबाच्या कष्टांवर उभा राहिला.

आता आपल्या हैदराबादकडे वळू. या शहरात ट्रिकदृश्यांची मोठी कार्यालये उभी राहिली आहेत. 2012 सालच्या ‘ईगा’ या तेलुगू चित्रपटातील माशी येथील तंत्रज्ञांनीच संगणकावर घडवली आणि त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पण विद्यार्थ्यांनी प्रारंभ आपल्या वस्तीच्या आठवणीतून करावा. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने हे शहर उद्ध्वस्त केले, हजारो माणसे दगावली. अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे 150 जणांनी प्राण वाचवले, असे सांगितले जाते. हा प्रसंग पडद्यावर कसा आणावा?

झाड आणि घरे मूळ मापाच्या सोळाव्या हिश्श्याने लहान करून हौदात उभी करता येतील. मात्र साध्या गतीने चित्रण केल्यास पाणी हौदातलेच वाटेल. त्याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. सोळा फुटांवरून पडणाऱ्या वस्तूला सुमारे एक सेकंद लागतो. एक फुटावरून पडणारीला पाव सेकंदच पुरतो. म्हणजे उंची सोळापट घटली की वेळ चौपट घटतो. म्हणून सेकंदाला 96 चित्रे घ्यावीत आणि ती 24 च्या गतीने दाखवावीत. मग लाट भारदस्तपणे कोसळताना दिसते. चित्रांची संख्या चौपट झाल्याने प्रत्येक चित्राच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. तेव्हा दिव्यांचा उजेडही वाढवावा लागतो. पाण्याच्या थेंबाचा आकार मात्र लहान करता येत नाही; यास्तव प्रतिकृती फार चिमुकली असू नये.

या पुरात माणसे दाखवायची, तर मुलांना हिरव्या पडद्यापुढे उभे करून त्यांचे चित्रण करावे आणि संगणकाच्या साहाय्याने हिरवा रंग वगळून उरलेल्या आकृती झाडावर बसवाव्यात. तेथे एक दक्षता अवश्य घ्यावी. हौदावरचा प्रकाश डावीकडून असेल, तर मुलांवरही तो डावीकडूनच पडला पाहिजे. चुकलेली सावली फसवणूक उघड करते. हे एकदा स्वतः अनुभवलेला विद्यार्थी पुढे कोणतेही चित्र पाहताना आधी सावली शोधेल.

येथे तंत्राहून मोठा प्रश्न उभा राहतो. या पुरात उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी वाहून गेली. अशा दुःखाचे चित्रण गंमत म्हणून करता येत नाही. म्हणून सुलतान बाजार, काचीगुडा येथील वृद्धांकडे मुलांनी जावे. त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले, मग ते मराठीत असो, तेलुगूत असो वा दखनीत, लिहून घ्यावे. ऐकीव काय, नोंदलेले काय आणि आपण कल्पिलेले काय, याच्या तीन वेगळ्या याद्या कराव्यात. पुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने जलाशयांची योजना झाली आणि 1920 मध्ये उस्मानसागर, 1927 मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला, हेही चित्रपटात यावे. आपत्तीनंतर समाज काय शिकतो, ते त्यातून कळते.

शेवटी पुन्हा फाळक्यांकडे यावे लागते. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झालेली त्यांची कन्या मंदाकिनी आरंभी आपल्या साध्या रूपात प्रेक्षकांपुढे येते आणि मग तिचा कृष्ण होतो. चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणारा लघुपटही त्यांनी केला होता. चमत्कार दाखवावा आणि त्याची फोडही करून दाखवावी, हा त्यांचा धडा आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या चित्रपटाअखेरीसही तो हौद, तो हिरवा पडदा आणि ओले झालेले हात दिसावेत. पाहणाऱ्यांचा त्याने रसभंग होणार नाही; उलट मुलांच्या श्रमांविषयी आणि सत्याविषयी त्यांचा आदर वाढेल.