जुनी गाडी, नवे बळ

खिळखिळ्या छकड्याला उमदा घोडा जुंपला, तर छकडा भरधाव निघेल यात शंका नाही. प्रश्न इतकाच, की उतारावरच्या वळणाला त्याचा आख टिकेल काय, आणि वेळ आली तर घोडा आवरेल कोण? कुटुंबाच्या जुन्या, स्वस्त मोटारीतील मूळचे इंजिन काढून तेथे अधिक शक्तीचे इंजिन बसवण्याच्या हौशीपुढेही हाच प्रश्न उभा असतो.

या हौशीचे माहेरघर अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांत. फोर्ड कंपनीची 1928 ते 1931 या वर्षांतील ‘मॉडेल ए’ ही साधी, काटक, संसारी गाडी होती. तिच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचे बळ 40 अश्वशक्तीचे. पुढे 1932 मध्ये त्याच कंपनीने सामान्य ग्राहकाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरांचे, 65 अश्वशक्तीचे ‘व्ही-आठ’ इंजिन घातले. काही वर्षांत मोडीत निघालेल्या गाड्यांतील ही इंजिने भंगाराच्या आवारात मिळू लागली, आणि जुनी ‘मॉडेल ए’ तर त्याआधीच स्वस्त झाली होती. गाडी हलकी, इंजिन जोमदार आणि खर्च बेताचा, हा योग तरुणांना मोहवणारा होता. मोहावी वाळवंटातील म्यूरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर या गाड्या धावू लागल्या. ‘हॉट रॉड’ या नावाने त्या पुढे जगभर प्रसिद्ध झाल्या.

परंतु इंजिन हा गाडीचा एक अवयव आहे. त्याचा जोर क्लच, गिअरबॉक्स, लांब फिरता दांडा आणि मागचा आख अशा साखळीने चाकांपर्यंत पोचतो. यातील प्रत्येक कडी मूळच्या इंजिनाच्या बेताने घडवलेली असते. जोर वाढला, की जी कडी सर्वांत दुबळी ती आधी तुटते. नवे इंजिन जड असेल, तर पुढच्या चाकांवरचा भार वाढतो आणि वळणावर गाडीची चाल बदलते. शिवाय अधिक बळ म्हणजे अधिक उष्णता. फोर्डच्या त्या व्ही-आठ इंजिनात तप्त धुराच्या वाटा इंजिनाच्या ठोकळ्यातूनच गेलेल्या असल्यामुळे ते लवकर तापे. जुना रेडिएटर त्याला पुरा पडत नसे.

सर्वांत कळीचा भाग ब्रेकचा. गाडीचा वेग दुप्पट झाला, की तिच्या अंगी साठलेली ऊर्जा चौपट होते. ताशी 45 किलोमीटर वेगाची गाडी थांबवताना ब्रेकांना जितकी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते, तिच्या चौपट ऊर्जा 90 किलोमीटरला जिरवावी लागते. ‘मॉडेल ए’चे ब्रेक लोखंडी सळ्यांनी ओढले जात. द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक फोर्डने 1939 मध्ये आणले. म्हणून जाणता कारागीर नुसते इंजिन उचलून आणीत नसे. नंतरच्या गाडीचे ब्रेक आणि गिअरबॉक्सही तो घेऊन येई. ज्यांनी तेवढी दक्षता घेतली नाही, त्यांनी स्वतःबरोबर रस्त्यावरील परक्या माणसाचाही जीव पणाला लावला.

रहदारीच्या रस्त्यावरच शर्यती होऊ लागल्या तेव्हा या छंदाला शिस्त लावणे भाग पडले. वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. तिची पहिली अधिकृत शर्यत 1953 मध्ये पोमोना येथे झाली. बंदिस्त मार्ग, ठरीव नियम आणि धावण्यापूर्वी गाडीची तपासणी, अशी ही शिस्त होती.

भारतात असे इंजिनबदल खुद्द कारखान्यानेच केल्याचे उदाहरण सर्वपरिचित गाडीचे आहे. बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अँबॅसडरमध्ये 1992 मध्ये जपानच्या इसुझू कंपनीच्या रचनेचे 1.8 लिटरचे इंजिन आले. त्यासोबत पाच गिअरांची नवी गिअरबॉक्सही आली. 2014 मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले. खाजगी मालकाला मात्र असा बदल मनास येईल तसा करता येत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार निषिद्ध आहे. पुष्कळांना ही केवळ कागदी अडचण वाटते. तथापि इंजिन, ब्रेक, आख आणि सांगाडा यांचा मेळ कोणीतरी जबाबदारीने तपासलेला असावा, हाच त्यामागील हेतू.

जुन्या गाडीला नवे बळ देण्याची इच्छा वावगी नाही. तीत कसब आहे, काटकसर आहे आणि जुन्या वस्तूविषयीची मायाही आहे. मात्र या कामाचा हिशेब ब्रेकपासून सुरू करावा आणि इंजिनापाशी संपवावा. मागच्या आसनावर बसलेली मुलेमाणसे इंजिनाचे बळ विचारीत नाहीत. गाडी हवी तेथे थांबेल, एवढाच त्यांचा विश्वास असतो.