धूम्रपानमुक्तीचा हिशेब

बडनेरा स्थानकाबाहेर गाडीची वाट पाहताना ओढलेल्या सिगारेटचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. एक सिगारेट दहा रुपयांची धरली, तरी दररोज पाच सिगारेटींचे वर्षाला १८,२५० रुपये होतात. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडू इच्छिणारे अनेक जण तुलनेने स्वस्त पडणाऱ्या ई-सिगारेटकडे वळतात. भारतात मात्र २०१९ च्या कायद्यान्वये तिचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी आहे. शिवाय तिच्यातील निकोटिनमुळे व्यसन कायम राहते. सिगारेटऐवजी खर्रा खाणे हाही उपाय नव्हे. त्यातील तंबाखूमुळे मुखाचा कर्करोग होतो. याउलट, १८००-११२-३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर व्यसनमुक्तीचा सल्ला विनामूल्य मिळतो. शाळा व ग्रामपंचायतींनी हा क्रमांक दर्शनी भागी लावल्यास अनेक कुटुंबांचा पैसा मुलांच्या शिक्षणासाठी वाचू शकेल.