लाळेरं बदला, हनुवटी घासू नका

तर मंडळी, आज लाळेबद्दल. हसू नका! माझी लेक सव्वा वर्षाची, दिवसभर शेजारच्या काकूंच्या पाळणाघरात. रोज संध्याकाळी पिशवीत सहा ओली लाळेरी. मला वाटायचं, काहीतरी बिघडलंय. डॉक्टर म्हणाले, लाळ गिळायची सवय अजून पक्की नाही, एवढंच. साधारण दोन वर्षांपर्यंत चालतं, दात येताना वाढतं.

खरा त्रास हनुवटीचा. लालेलाल, कारण आम्ही सगळेच खसाखसा पुसत होतो. आता काकू मऊ सुती कापडाने फक्त टिपतात, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. लाळेरं ओलं झालं की बदलायचं, झोपताना काढायचंच, गळ्याला आवळायला नको.

मग एक दिवस दुपारी काकूंचा फोन: "आज लाळ थांबतच नाहीये, वरणभातही नको म्हणतेय." तोंडात फोड, हँड-फूट-माऊथ! हे पसरतं, म्हणून बाकीच्या आईबाबांना लगेच कळवलं. ओशाळल्यासारखं झालं खरं, पण कळवलं. लेक बरी होईपर्यंत घरीच, आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन.

रोजची लाळ चालेल. अचानक वाढली आणि सोबत ताप, गिळता न येणं किंवा श्वासाला आवाज असेल, तर ग्रुपवर विचारत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.