माफ केलं, पण क्लीन चिट नाही!

'सोडून दे ना यार!' बॉसने क्रेडिट लाटलं, मैत्रिणीने सीक्रेट फोडलं, फ्लॅटमेटने डिपॉझिट बुडवलं... सल्ला ठरलेला. आणि गंमत म्हणजे, ज्याने दुखावलं तोही हेच म्हणतो.

त्याला ते एवढं सोपं का वाटतं? मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला. लोकांना दोन किस्से लिहायला लावले. एक, कुणी तुम्हाला संताप आणला तेव्हाचा; दुसरा, तुम्ही कुणाला आणलात तेव्हाचा. दुखावणाऱ्याच्या किश्शात प्रकरण केव्हाच मिटलेलं, वागण्याला कारणही होतं. दुखावलेल्याच्या किश्शात जखम अजून ओली! लिहिणारी माणसं तीच, फक्त बाजू बदललेली.

मग राग धरून बसायचं? तेही महागात पडतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ७१ कॉलेज विद्यार्थ्यांना आपल्याला दुखावणारी व्यक्ती आठवायला सांगितली. राग उगाळताना हृदयाचे ठोके आणि ब्लडप्रेशर वाढलं, कपाळावर आठ्या आल्या. माफ करण्याची कल्पना केली, तेव्हा हा ताण कमी होता. म्हणजे तो निवांत झोपलाय आणि बीपी वाढतंय तुमचं!

पण म्हणून घाईने 'जाऊ दे' म्हणू नका. लॉरा लुचिस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की, समोरच्याने चूक निस्तरली असेल तर माफ केल्याने आपला स्वाभिमान वाढतो. त्याने काहीच केलं नसेल तर तो उलट घटतो. या परिणामाला त्यांनी नाव दिलं 'डोअरमॅट इफेक्ट'. थोडक्यात, आपण पायपुसणं होतो.

माफी वेगळी आणि हिशेब वेगळा, हे दाखवणारं फार मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात ग्लॅडिस स्टेन्स यांच्या पतीला आणि दोन लहान मुलांना जमावाने गाडीत जिवंत जाळलं. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे माफ केलं. खटला मात्र चाललाच आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवली.

तेव्हा राग कधी सोडायचा, हे तुम्ही ठरवा, तुमच्या वेळेने. पुन्हा विश्वास टाकायचा का, हे समोरच्याच्या वागण्यावर ठरू दे. फ्लॅटमेटला मनातून माफ केलंत, तरी डिपॉझिट मागता येतंच की!